घरच्या सिनेमा, गाणी आणि फोटोंसाठी नॅस घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीला लावलेली पोर्टेबल डिस्क चालते आहे. मग नॅस कशाला?

एकाच टीव्हीवर अधूनमधून सिनेमा बघण्यापुरतं काम असेल तर घेऊच नका. नॅस म्हणजे राउटरला केबलने जोडलेली, चोवीस तास चालू असणारी छोटी पेटी. आत एक, दोन, चार हार्ड डिस्क बसतात. त्यातल्या फाइल्स घरातल्या सगळ्या टीव्ही, फोन, लॅपटॉपना एकाच वेळी मिळतात आणि फोनमधले फोटो आपोआप तिथे जमा होतात. दोन-तीन माणसांचे फोन भरत आले असतील, डीव्हीडी-सीडींचा गठ्ठा कपाटात पडून असेल आणि कोणती फाइल कुठल्या डिस्कमध्ये आहे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर नॅसची वेळ आली असं समजा.

राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणं हा मधला मार्ग आहे. गाण्यांना पुरतो. पण तो पोर्ट बऱ्याचदा यूएसबी २.० असतो, वेग सेकंदाला ३० एमबीच्या आतच राहतो, आणि डिस्क खराब होऊ लागली तरी कुणी सांगत नाही.

कोणती नॅस घेऊ हे विचारलं की सगळे आधी टीव्हीबद्दल का विचारतात?

कारण स्वस्त आणि महाग नॅसमधला मोठा फरक एकाच कामावर ठरतो: ट्रान्सकोडिंग. फाइल ज्या स्वरूपात आहे ते टीव्हीला कळत नसेल, तर नॅसला ती चालता चालता बदलून द्यावी लागते. टीव्हीला कळत असेल तर नॅस नुसती फाइल पोचवते, आणि तेवढं काम सगळ्यात स्वस्त पेटीही करते.

म्हणून दुकानात जाण्याआधी ही चाचणी करा. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. त्यावर तुमच्याकडच्या पाच-सहा वेगवेगळ्या जातीच्या फाइल्स टाका: डीव्हीडीवरून घेतलेली एक, फोनवर काढलेली ४के एक, ब्लू-रेवरून घेतलेली एमकेव्ही एक, सबटायटलवाली एक. टीव्हीला लावून प्रत्येक फाइल दोन मिनिटं चालवा. चित्र, आवाज आणि सबटायटल, तिन्ही तपासा. टीव्हीचा यूएसबी प्लेअर आणि त्यावरचं ॲप यांत थोडाफार फरक निघू शकतो, पण अंदाज चांगला येतो.

चित्र येतं पण आवाज येत नाही, असं झालं तर आवाज बहुधा डीटीएस या स्वरूपात आहे. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींतून डीटीएस काढून टाकलं. याची काळजी नको. आवाज बदलणं हलकं काम आहे, साधा प्रोसेसरही ते करतो. जड काम आहे ते चित्र बदलण्याचं.

निम्म्या फाइल्स अडल्या, तर महागडी नॅस घेण्याआधी टीव्हीला एक चांगला स्ट्रीमिंग बॉक्स लावून बघा. बहुतेक घरांत प्रश्न तिथेच सुटतो, तेही कमी पैशांत.

सिनेमा नीट चालतो, पण सबटायटल चालू केलं की अडकतो. असं का?

ब्लू-रेवरची सबटायटल अक्षररूपात नसतात, ती चित्रं असतात. त्या प्रकाराला पीजीएस म्हणतात. अनेक टीव्ही ॲप्सना ती दाखवता येत नाहीत, मग नॅस ती चित्रावर छापून अख्खा व्हिडिओ नव्याने तयार करत बसते. त्याच सिनेमाची एसआरटी फाइल, म्हणजे अक्षररूपातली सबटायटल, मिळवा, सिनेमाच्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि ती निवडा. जेलीफिन म्हणजे नॅसवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं ॲप. त्याच्या डॅशबोर्डवर चालू सिनेमासमोर डायरेक्ट प्ले (फाइल आहे तशीच) चाललंय की ट्रान्सकोड, आणि ट्रान्सकोड असेल तर कशामुळे, हे लिहिलेलं असतं. तक्रार आली की आधी तिथे बघायचं.

ट्रान्सकोडिंग लागणारच आहे. मग प्रोसेसर कोणता?

इंटेलचा, ज्यात क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याचं काम करणारा ग्राफिक्सचा भाग) आहे असा. सिनॉलॉजी कंपनीच्या डीएस२२४ प्लसमधला सेलेरॉन जे४१२५ जुना असला तरी घरातले एक-दोन टीव्ही सांभाळतो. नव्या पेट्यांमधले एन९५ आणि एन१०० त्याच्या बरेच पुढे आहेत. डीएस२२३ जे सारख्या रिअलटेक प्रोसेसरच्या स्वस्त पेट्यांकडून ही अपेक्षा ठेवू नका. फोटो, गाणी आणि थेट चालणारे सिनेमे एवढ्यासाठी त्या उत्तम.

इथे एक खड्डा आहे. सिनॉलॉजीचे डीएस७२३ प्लस आणि डीएस९२३ प्लस डीएस२२४ प्लसपेक्षा महाग, कागदावर जास्त ताकदीचे. पण त्यांतल्या एएमडी रायझेन आर१६०० ला ग्राफिक्सच नाही. ४के सिनेमा बदलायची वेळ आली की सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र थांबत थांबत येतं. ऑफिसच्या फाइल्सना ती यंत्रं चांगली, सिनेमाला नव्हेत. जास्त पैसे मोजले म्हणजे सिनेमा जास्त चांगला चालेल, हा हिशेब नॅसमध्ये लागू पडत नाही.

प्लेक्स की जेलीफिन?

जेलीफिन पूर्ण मोफत आहे. २०१८ मध्ये एम्बी या तशाच ॲपपासून फुटून निघालं. प्लेक्सची ॲप्स जास्त सफाईदार आहेत, पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (ग्राफिक्सकडून करून घेतलेल्या) प्लेक्स पास ही पैसे मोजून घ्यायची वर्गणी लागते, आणि एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या घरचे सिनेमे बाहेरून बघायलाही पैसे पडतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जेलीफिनपासून करावी. सिनॉलॉजीवर ते कंटेनर मॅनेजरमधून बसवता येतं; कंटेनर म्हणजे ॲप चालवायचा वेगळा बंद कप्पा. त्यात ग्राफिक्सचं डिव्हाइस कंटेनरला जोडून द्यायला लोक विसरतात आणि मग 'इंटेल असूनही अडकतं' म्हणतात. रॅम ४ जीबी तरी हवी. डीएस२२४ प्लसमध्ये २ जीबीच येते, एक जास्तीचा स्लॉट रिकामा असतो, तो भरा.

नॅस कंपनीच्या स्वतःच्या सिनेमा ॲपवर मात्र विसंबू नका. २०२४ मध्ये सिनॉलॉजीने डीएसएम या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची ७.२.२ आवृत्ती आणली आणि व्हिडिओ स्टेशन हे आपलं ॲप बंदच केलं. ज्यांनी सगळी मांडणी त्यावर केली होती त्यांना ती पुन्हा करावी लागली.

किती टीबी लागतील?

अंदाजाने घेऊ नका, मोजा. मिनीडीव्ही कॅसेटचा एक तास साधारण १३ जीबी होतो. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची ८.५ पर्यंत. ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची. गाण्यांची सीडी एफएलएसीमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या स्वरूपात) घेतली तर ३०० ते ४०० एमबी. आयफोनवर ४के, ३० फ्रेमने काढलेल्या व्हिडिओचा एक मिनिट १७० एमबीच्या आसपास, म्हणजे तासाला १० जीबी.

एका घराचा हिशेब मांडू. लग्न-मुंजीच्या ३० तासाभराच्या कॅसेट म्हणजे ३९० जीबी. २०० डीव्हीडी, सरासरी ६ जीबी धरून, १.२ टीबी. ४० ब्लू-रे, सरासरी ३५ जीबी, १.४ टीबी. ३०० सीडी साधारण १०० जीबी. दोन फोनचे आजवरचे फोटो-व्हिडिओ ६०० जीबी. बेरीज ३.७ टीबी. ४ टीबीची डिस्क पुरेल असं वाटतं, पण ती नॅसवर ३.६ च दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि नॅस १०२४ च्या. त्या मापात हे साहित्य ३.४ होतं, म्हणजे जेमतेम बसतं. शिवाय डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरली की कामं मंदावतात. या घराने ८ टीबी घ्यावी.

डिस्क कोणती घ्यायची? सीसीटीव्हीवाल्याकडे स्वस्त मिळते आहे.

प्रोसेसरवर वाचवलेले पैसे इथे घाला. बघायची गोष्ट एकच: सीएमआर की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे सुटे असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. पोर्टेबल डिस्कमध्ये हे खपून जातं. रेडमध्ये (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) नवी डिस्क घालून तिच्यावर माहितीची पुन्हा जुळणी सुरू झाली की मात्र ती डिस्क तासन्तास गुदमरते, कधी नॅस तिला बाद ठरवून बाहेर काढते. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या साध्या 'रेड' नावाच्या मालिकेत (हे नाव लाल या अर्थाचं, वरच्या रेडशी संबंध नाही) २ ते ६ टीबीच्या डिस्क अशाच होत्या. त्यानंतर रेड प्लस हे नाव सीएमआरसाठी आलं. म्हणजे डब्यावर नुसतं 'रेड' वाचून घेऊ नका, 'रेड प्लस' वाचा. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर असते. डेस्कटॉपच्या बॅराकुडा टाळा.

सीसीटीव्हीच्या डिस्क, म्हणजे पर्पल आणि स्कायहॉक, सतत लिहिण्यासाठी बेतलेल्या असतात. चालतात, पण किमतीत फारसा फरक नसेल तर नॅसचीच घ्या.

डिस्क हातात आली की डबा फेकण्याआधी तीन कामं करा. सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी भारतातली आहे ना आणि किती वर्षांची आहे ते बघा. नॅसमध्ये लावून स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीत, पॉवर-ऑन तास बघा. नव्या डिस्कवर ते जवळपास शून्य असले पाहिजेत. मग एक्स्टेंडेड टेस्ट लावा. ८ टीबीला १२ तासांहून जास्त लागतात, रात्रभर चालू द्या. त्यात एक जरी सेक्टर खराब निघाला तरी डिस्क परत करा.

सिनॉलॉजी घेणाऱ्यांनी एवढं तपासावं: २०२५ च्या प्लस मॉडेल्सवर कंपनीने आधी फक्त आपल्या यादीतल्या डिस्क चालतील असं ठेवलं होतं, मग ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ आणून इतर कंपन्यांच्या हार्ड डिस्कना पुन्हा वाट दिली. त्या मॉडेलवर जुनी डीएसएम असेल तर आधी अपडेट करा.

दोन डिस्कचं रेड केलं म्हणजे बॅकअप झाला ना?

नाही. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, त्यामुळे एक गेली तरी नॅस चालू राहते. पण चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस), चोरी, आग, पुराचं पाणी, यांतल्या कशालाच रेड अडवत नाही.

आमचा सल्ला असा की सिनेमे आणि घरचं साहित्य वेगळं धरा. ज्या डीव्हीडी कपाटात आहेत त्या पुन्हा काढता येतात. त्यांना फार तर रेड पुरे. आजीचा आवाज असलेली कॅसेट, मुलांचे फोटो, हे दुसरीकडून आणता येत नाही. त्याच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक घराबाहेर. वरच्या हिशेबात घरचं साहित्य १ टीबीच्या आसपास आहे. २ टीबीची यूएसबी डिस्क दर महिन्याला लावायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. सतत लावून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्यात नॅसबरोबरच जाऊ शकते.

बाहेरची प्रत भावाकडे, मुलीकडे, दुसऱ्या गावच्या घरी. मुलं परदेशात असतील तर दोन्ही घरी एकेक नॅस ठेवून एकमेकांचा बॅकअप घेता येतो. पण पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवत बसू नका: २ टीबीला २० एमबीपीएस अपलोडने नऊ दिवसांहून जास्त लागतात. सुट्टीला येतील तेव्हा डिस्कवर भरून द्या, पुढचे बदल तेवढे नेटवरून जाऊ द्या.

आमच्याकडे लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, तो पुरेल?

अर्धा पुरेल. घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. इकोमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात नॅस बंद पडून पुन्हा सुरू होते. आधी यूपीएस मोडवर करा. पण इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली हे नॅसला कळत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते.

म्हणून ६०० व्हीएच्या आसपासचा छोटा यूपीएस लावा, पण त्याला यूएसबी डेटा पोर्ट आहे याची खात्री करून. स्वस्त यूपीएसमध्ये तो अनेकदा नसतो. यूएसबी केबल नॅसला जोडली की सेटिंगमध्ये 'वीज गेल्यावर ५ मिनिटांनी सुरक्षित बंद हो' असं ठेवता येतं. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंगही तिथेच करा. राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावला तर तो अनेकदा ती वीज घ्यायलाच तयार होत नाही, सतत पीं-पीं करत स्वतःची बॅटरी संपवतो. यूपीएस बिघडलेला नसतो. त्याला इन्व्हर्टर नसलेल्या लाइनवर घ्या किंवा इन्व्हर्टर साइन वेव्हचा करा.

नॅस कुठे ठेवायची?

टीव्हीच्या बंद कपाटात नको. डिस्कचं तापमान ३० ते ४५ अंशांत राहिलं पाहिजे; मे महिन्यात विदर्भात बंद कपाटातली डिस्क सहज पन्नाशी ओलांडते. मागे पंख्यासाठी वीतभर जागा सोडा. झोपायच्या खोलीतही नको, रात्री डिस्कची खरखर ऐकू येते. खाली रबराची चटई घातली की लाकडी फळीतून येणारी घरघर बरीच कमी होते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चालू नॅसपेक्षा बंद नॅसला दमटपणाचा त्रास जास्त होतो, कारण चालू पेटी आतून ऊबदार आणि कोरडी राहते. त्याच उबेला मुंग्याही येतात. आठवड्यातून एकदा मागची जाळी बघा.

विजेचं बिल किती वाढेल?

दोन डिस्कची नॅस सरासरी १८ वॅट घेते असं धरा. महिन्याला साधारण १३ युनिट. तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा.

कॉपी फार हळू होते. नॅस खराब आहे का?

आकडा बघा. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास असेल तर गिगाबिट पूर्ण वापरलं जातंय, सगळं ठीक. बरोबर ११ वर अडकलं असेल तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे: फुकट मिळालेल्या राउटरचे पोर्ट, जुना स्विच, किंवा ज्या केबलचं एक टोक नीट क्रिंप झालेलं नाही ती. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एक सुटली की जोडणी गुपचूप १०० वर येते. केबल बदलून बघा, पाच मिनिटांचं काम.

गंमत म्हणजे बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचाच असतो. ४के ब्लू-रेचा भार मध्येच त्याच्या वर जातो आणि चित्र थांबतं. राउटर त्याच खोलीत असेल तर अशा टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय केबलपेक्षा बरं. दोन आरसीसी भिंती मध्ये असतील तर मात्र नाही.

बाहेरगावाहून बघता येईल?

येईल, पण राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे इंटरनेटवरून नॅसपर्यंत थेट वाट देऊन, नको. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस गाठून लोकांच्या फाइल्स कुलूपबंद केल्या. राउटरचं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा, 'ॲडमिन' नावाचं खातं बंद करून वेगळ्या नावाचं करा, स्नॅपशॉट (फाइल्सची आधीची अवस्था जपून ठेवणारी सोय) चालू ठेवा. तसंही अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून पोचता येत नाही. टेलस्केल हे खासगी जोडणीचं ॲप नॅसवर आणि फोनवर टाका. दोन्ही अडचणी एकदम जातात.

अमेरिकेहून येणारा नातेवाईक स्वस्तात नॅस आणणार आहे. आणू दे का?

ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर वीज चालेल, पिनेचा कन्व्हर्टर लागेल. वॉरंटी मात्र बहुधा तिकडेच राहते. पेटी आणली तर ठीक. डिस्क इथेच घ्या, कारण आधी जाते ती डिस्क.

फाइलींची नावं मराठीत ठेवली तर चालतात?

चालतात, पण लांबी सांभाळा. नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात: 'श्री' मध्ये चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. एकूण ८५ चिन्हं मिळतात. सिनॉलॉजीच्या एनक्रिप्टेड फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. 'चि. सौ. कां.' पासून हॉलच्या पत्त्यापर्यंत सगळं नावात घातलं की कॉपी मध्येच अडते. तारीख इंग्रजी आकड्यांत, वर्ष-महिना-दिवस अशी आधी लिहा. जागा वाचते आणि क्रमही नीट लागतो.

सिनेमाच्या फोल्डरला नाव आणि कंसात वर्ष द्या. चुकीचं पोस्टर आलं तर चौकटी कंसात टीएमडीबीचा (सिनेमांच्या ऑनलाइन सूचीचा) क्रमांक घाला. नाटकं, कीर्तनं, घरचे कार्यक्रम यांच्यासाठी 'होम व्हिडिओज' प्रकारची वेगळी लायब्ररी करा. सिनेमात टाकलीत तर ॲप नेटवर शोधून भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवतं. गाण्यांत टॅग एकसारखे करा, नाहीतर 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि 'भीमसेन जोशी' असे तीन गायक यादीत दिसतात. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये सगळी गाणी एकत्र निवडून 'अल्बम आर्टिस्ट' एकदाच बदलता येतो.

मराठी सबटायटल चौकोन किंवा खुणा दाखवत असेल तर एसआरटी नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

नॅस पीं-पीं करते आहे, एक डिस्क लाल दाखवते. आता?

काहीही बाहेर ओढू नका. आधी घरच्या साहित्याचा बॅकअप ताजा करा. उरलेली डिस्कही बहुधा त्याच वयाची असते आणि जुळणीच्या वेळी तिच्यावरच सगळा ताण येतो. मग स्टोरेज मॅनेजरमध्ये खराब डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. नॅस बंद करा आणि ट्रे काढून स्टिकरवरचा नंबर जुळवून बघा. चांगली डिस्क काढून खराब आत ठेवणं ही इथली नेहमीची चूक आहे. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची, सीएमआर. लावल्यावर 'रिपेअर' द्या. ८ टीबीला अर्धा दिवस ते एक दिवस जाईल, तोवर सिनेमे बंद ठेवा. जुनी डिस्क वॉरंटीत असेल तर परत पाठवा; तिच्यावर फोटो होते म्हणून पाठवायची नसेल, तर वॉरंटीवर पाणी सोडून तिला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा आणि ई-कचऱ्यात द्या.